दोरीवर नऊ टॉवेल

टॉवेलाचा फासा, म्हणजे वर उभा असलेला सुताचा वेढा, चार मिलिमीटर उंच असतो आणि भरतकामाचा टाका जेमतेम अर्धा. नुसत्या टॉवेलावर यंत्राने नाव भरलं, तर पहिल्या दिवशी ते छान दिसतं. मग हळूहळू फासे टाक्यांमधून डोकं वर काढतात आणि महिनाभरात अक्षर बुडतं. म्हणून खालून कागदाचा आधार द्यायचा आणि वरून पापुद्रा अंथरायचा. हा पापुद्रा पारदर्शक असतो, पिशवीच्या प्लॅस्टिकहूनही पातळ. सुई चालत असताना तो फासे दाबून धरतो. काम झालं की जास्तीचा फाडून टाकायचा, आणि अक्षरांच्या पोटात अडकलेला ओल्या स्पंजाने पुसायचा. पाणी लागताच तो विरघळतो.

या नऊ टॉवेलांवरचा विरघळत नव्हता.

झेलिहाने तिसऱ्यांदा स्पंज फिरवला. 'बेकिर'च्या पहिल्या रोमन अक्षराला, B ला, दोन पोटं होती, आणि दोन्हींत पापुद्रा तसाच चकाकत होता. तिने बोटाने दाबून पाहिलं. तो कुरकुरला.

"आई, जरा इकडे येता?"

तिची सासू उम्रान हातातलं रीळ ठेवून आली. तिने टॉवेल उजेडात धरला, मग खण उघडून पापुद्र्याची गुंडाळी काढली, एक कोपरा फाडला आणि जिभेला लावला. क्षणभर थांबली. कोपरा होता तसाच बाहेर काढला.

"हा उकळत्या पाण्याचा आहे. लेसवाला. थंड पाण्याने याला काही होत नाही."

झेलिहा बघत राहिली. दोन्ही गुंडाळ्या सारख्याच पांढऱ्या नळीवर यायच्या, दोन्ही सारख्याच दिसायच्या. म्हणून तर त्यांच्या भरतकामाच्या दुकानात पद्धत होती, वापरण्याआधी कोपरा जिभेला लावायचा. थंड पाण्याचा असेल तर जिभेवर लगेच पाघळतो.

"जिभेला लावला नव्हतास?"

"रोजा होता."

"गुरुवारी कसला रोजा? रमझान तर कधीच संपला."

"रमझानचे तीन राहिले होते. ते फेडत होते."

"मग बोट ओलं करून बघायचं."

"बघितलं. चिकटला." झेलिहाने आपल्या बोटांकडे पाहिलं. "बोटं आधीच ओली होती, आई. घामाने."

उम्रानने कशाचा घाम ते विचारलं नाही. टॉवेलांवरच्या नावांची यादी तिनेही वाचली होती.

झेलिहाच्या माहेरी, विणकरांच्या आळीत, लग्नाआधी नवऱ्या मुलाला हमामात, म्हणजे गावाच्या न्हाणीघरात नेतात, त्या दिवशी अंगणात दोरी बांधतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा टॉवेल त्या दोरीवर वयाच्या क्रमाने लागतो. आधी सगळ्यांत म्हातारं माणूस, शेवटी पाळण्यातलं. टॉवेल घरच्या मागावरचे आणि एकदाही न धुतलेले असावे लागतात, त्यांना पहिलं पाणी हमामाचं. आळीतल्या बाया येतात, डावीकडून वाचत जातात, आणि त्या घरात कोण आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळतं. कोण नाही, तेही.

बुधवारी रुकिये गठ्ठा घेऊन आली होती. रुकिये म्हणजे झेलिहाच्या थोरल्या भावाची, सादिकची बायको. देनिझली शहरातल्या दुकानांमध्ये लग्नसराईची कामं तुंबलेली, आणि गावात टॉवेलावर नीट नाव घालणारं यंत्र एकच. नाइलाज होता. रुकियेने झेलिहाच्या नजरेला नजर न देता कागद टेबलावर ठेवला होता. "धाकट्या भावजींचं लग्न आहे," एवढं उम्रानला म्हणाली आणि गेली.

कागदावर नऊ नावं होती. जेन्नेत आजी, बेकिर, फेहिमे, सादिक, रुकिये, याकूप, याकूपची होणारी बायको, सादिकची दोन मुलं. वयाने झेलिहाचं नाव येतं तिथे, रुकिये आणि याकूप यांच्यामध्ये, कागदावर रिकामी जागा नव्हती. ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं होतं. तेच झेलिहाला लागलं.

नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्याशी ठरलेल्या साखरपुड्याला तीन आठवडे असताना, ती सुताच्या गाड्या चालवणाऱ्या तारिकबरोबर निघून आली होती. बेकिर उस्ताने, म्हणजे तिच्या विणकर बापाने, आळीसमोर सांगितलं होतं, की हे नाव माझ्या उंबऱ्याच्या आत कुणी घेणार नाही. कुणी घेतलं नव्हतं. धाकटा भाऊ याकूप तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याची आठवण आली की तिला अजून त्याच्या गुडघ्यावरची खपली आठवायची.

गुरुवारी बसून तिने नऊ नावं भरली. सगळ्यांत आधी बापाचं.

"उकळतं पाणी ओतलं तर?" तिने विचारलं.

"टॉवेल आटेल, काठ गोळा होईल. आणि भिजलेला टॉवेल तुझी आजी लांबूनच ओळखेल."

"वाफ?"

उम्रानने एका चिंधीवर तोच पापुद्रा ठेवून इस्त्रीची वाफ सोडली. पापुद्रा आधी खळीसारखा झाला, मग दोन मिनिटांत काचेसारखा कडक.

"चिमटा," उम्रान म्हणाली. "दुसरं काही नाही."

झेलिहाने मनात हिशेब केला. नऊ नावांची मिळून अठ्ठेचाळीस अक्षरं. एका अक्षराला चार मिनिटं धरली तर तीन तास बारा मिनिटं. दोघी बसल्या तर एक तास छत्तीस. अकरा वाजले होते. एक वाजता कुणीतरी टॉवेल न्यायला येणार होतं, आणि दुपारच्या नमाजानंतर हमाम.

दोघी बसल्या. बारीक कात्रीने पापुद्रा अक्षराच्या कडेला कापायचा, चिमट्याने टाक्याच्या दिशेने खेचायचा. टाक्याच्या आडवा खेचला की रेशमी दोरा उचलला जायचा. एक बाजू झाली की दुसरी. आजीच्या नावातली जोडीने येणारी अक्षरं सरळ रेघांची होती, ती लवकर झाली. गोल अक्षरांनी वेळ खाल्ला. तासाभरात अठ्ठावीस अक्षरं मोकळी झाली. हिशेबापेक्षा दोन कमी.

झेलिहाची पाठ दाराकडे होती. कात्री बोथट झाली होती. मान न वळवता तिने हात पुढे केला.

"आई, ती दुसरी कात्री द्या."

"हं," दारातून आवाज आला.

उम्रान समोर बसली होती. तिने तोंड उघडलंच नव्हतं.

झेलिहाचा हात हवेत राहिला. दारात फेहिमे, तिची स्वतःची आई, उभी होती. काळा लांब कोट, पांढरा रुमाल, हातात टॉवेल बांधायला आणलेलं चौकोनी बासन. तोंडातून निघून गेलेला तो हुंकार परत घेता आला असता, तर तिने घेतला असता, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. 'द्या' हे तिच्यासाठी नव्हतं. तिला झेलिहा 'दे' म्हणायची.

"या, फेहिमे हानम," उम्रान उठली. "बसा. चहा टाकते."

"चहाला नाही आले मी. टॉवेल झाले?"

"थोडे राहिलेत."

फेहिमे आत आली. टेबलावर पसरलेले टॉवेल, पापुद्र्याची कतरण, चिमटे, सगळं तिने एका नजरेत पाहिलं. फक्त झेलिहाकडे पाहिलं नाही. तिने एक टॉवेल उचलून अक्षरावर नख घासलं. ते कुरकुरलं.

"हे काय? प्लॅस्टिक ठेवलंय आत?"

"पापुद्रा चुकीचा लागला," उम्रान म्हणाली.

"तुमच्या दुकानात चुकीचा लागतो? देनिझलीपर्यंत नाव सांगता ना?" फेहिमेने टॉवेल खाली ठेवला. "तुमच्या सुनेला विचारा, मुद्दाम केलं का म्हणून."

"ती इथेच बसलीय. कान शाबूत आहेत तिचे. तुम्हीच विचारा."

"मी तुम्हाला विचारतेय."

"मग मी सांगते. मुद्दाम नाही. रोजा होता तिचा, म्हणून जिभेला लावून बघितलं नाही. रमझानचे राहिलेले फेडत होती."

फेहिमेने बासनाची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली.

"तिचे दर वर्षी राहायचे," ती उम्रानला म्हणाली. "मागे लागावं लागायचं. कोण मागे लागतं आता?"

"कुणी नाही. स्वतःच धरते."

 फेहिमेने कोटाची वरची दोन बटणं काढली आणि खुर्ची ओढली.

"आणखी चिमटा आहे?"

"दिसेल का तुम्हाला?"

"चाळीस वर्षं तुटलेले ताणे गाठतेय मी, उम्रान हानम. माझ्या डोळ्यांची काळजी तुम्ही करू नका. तुम्ही कात्रीला धार लावा."

तीन बायका एका टेबलाला बसल्या. फेहिमेने सादिकचा टॉवेल घेतला. तिची बोटं जाड झाली होती, सांधे सुजलेले, पण चिमटा तिने बरोबर धरला. झेलिहा याकूपच्या टॉवेलावर होती. दोघींच्या मध्ये हातभर अंतर होतं. आईच्या रुमालाला सुताच्या खळीचा वास येत होता, आंबूस, तोच. झेलिहाने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली.

"तुमच्या नातीला चष्मा लागला म्हणे," झेलिहाच्या मुलीबद्दल फेहिमे मान खाली घालूनच उम्रानला म्हणाली.

"देफ्नेला? लागला. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाव लहान आहे."

"गाव लहान आहे खरं. पण तुमच्या घरून बाजाराला जायला शाळेच्या फाटकावरून जाणारा रस्ता लांबचा पडतो, फेहिमे हानम."

 फेहिमेच्या गालावर तांबडं चढलं आणि चिमटा जोरात फिरला.

"आई, असं आडवं नको ओढू," झेलिहा बोलून गेली. "टाक्याच्या दिशेने ने."

फेहिमेचा हात थांबला. झेलिहाला वाटलं, आता ही उठेल, टॉवेल बासनात कोंबेल आणि जाईल. फेहिमेने चिमटा वळवला आणि टाक्याच्या दिशेने खेचला. पापुद्र्याची लांब पट्टी अखंड निघून आली. तिने ती टेबलाच्या कडेला ठेवली आणि दुसरं अक्षर घेतलं.

पाऊण वाजला. आठ टॉवेल मोकळे झाले. उरला बेकिरचा. कठीण म्हणून तो मागे ठेवला होता. झेलिहा त्याच्याकडे हात नेत होती, तेवढ्यात फेहिमेने तो स्वतःकडे ओढला.

"हा मी करते."

पहिल्या अक्षराचं वरचं पोट झालं. खालच्यात चिमट्याचं टोक गेलं, आणि फेहिमेच्या कोटाच्या खिशात फोन वाजला.

ती दचकली. काही तुटल्याचा आवाज झाला नाही. नुसता हात उचलला गेला, आणि चिमट्याबरोबर तीन टाके वर आले. गर्द निळ्या रेशमाचे तीन फास अक्षराच्या पोटातून बाहेर उभे राहिले.

फेहिमेने फोन कानाला लावला नाही, हातभर लांब धरला. मागाच्या आवाजात जन्म गेलेले विणकर हळू बोलूच शकत नाहीत. बेकिर उस्ताचा आवाज दुकानभर झाला.

"कुठे आहेस तू? दोरी बांधून झाली. पोरं हमामात जायची थांबलीत."

"थोडं राहिलंय."

"काय राहिलंय? सकाळीच होणार होते ना?"

"तुमच्या टॉवेलाचं अक्षर उसवलं."

"उसवलं? कुणी? तिनेच ना?"

झेलिहाने टेबलाच्या कडेवरच्या कतरणी गोळा करायला घेतल्या.

"मी," फेहिमे म्हणाली. "माझ्याच हातून."

"तू कशाला हात लावायला गेलीस? तुला आणायला पाठवलं होतं, कामाला बसायला नाही. ऐक. गठ्ठ्यात दहा आहेत. एक मी जास्तीचा विणलाय, असंच काही होईल म्हणून. त्यावर घालू दे माझं नाव, आणि लगेच निघ तिथून."

फोन बंद झाला.

उम्रानने फळीवरून दहावा टॉवेल काढला. कोरा, त्याच ताण्याचा, काठावर तीच पांढरी नक्षी. तिने तो झेलिहासमोर ठेवला. झेलिहाने रिंगमध्ये कागद ताणून बसवला, वर चिकट फवारा मारला, टॉवेल त्यावर सपाट अंथरला. टॉवेल स्वतः रिंगमध्ये आवळायचा नसतो, फाशांवर वळ राहतो. मग तिने दुसरी गुंडाळी घेतली, कोपरा फाडला, जिभेला लावला. पाघळला. पापुद्रा वरून ठेवून तिने रिंग यंत्रात सरकवली.

फेहिमे तिचे हात बघत होती. टॉवेल अंथरताना तळहाताने मधून कडेकडे जाणारा तो हात. पोळीच्या कणकेवर झेलिहा लहानपणी असाच फिरवायची.

"नऊ वर्षांत ईदचे अठरा बायराम झाले, उम्रान हानम," फेहिमे म्हणाली. आवाज बसका होता. "अठरा वेळा ठरवलं मी. बकलावा कापताना ठरवायचे, आज सांगायचंच यांना, तिला बोलवा म्हणून. ताट भरून होईपर्यंत धीर सुटायचा."

"आणि आज?"

"आज लग्नघर आहे. लग्नघरात कोण भांडण काढतं?"

"बायरामला नाही, लग्नाला नाही." उम्रानने उसवलेला टॉवेल उचलून वर आलेले टाके पाहिले. "मग मयतालाच काढायचं म्हणा. कुणाच्या, तेवढं ठरवा."

"फार लागेल असं बोलता तुम्ही."

"नऊ वर्षं माझ्या घरात रडणं ऐकलंय मी. तुमच्या मुलीचं. फार हळू रडते ती. नळ सोडून."

"आई, पुरे," झेलिहा म्हणाली. या वेळी कोणती आई, ते कुणीच विचारलं नाही.

तिने पडद्यावर अक्षरं निवडली. एक, दोन, तीन, चार, पाच. दोऱ्याचा रंग, गर्द निळा. आकार, सहा सेंटिमीटर. मग हात मांडीवर ठेवले.

दुकानाची आणखी एक पद्धत होती. बटण दाबण्याआधी नाव मोठ्याने वाचायचं, आणि गिऱ्हाईकाने 'हो' म्हणायचं. 'हो' ऐकल्याशिवाय सुई चालवायची नाही. कापडावरचं चुकलं तर उसवता येतं, टॉवेलावरचं उसवताना फासेच निघून येतात. मागच्या नऊ टॉवेलांना रुकियेचा कागद होता. याला कागद नव्हता.

झेलिहा आईकडे वळली. फेहिमे आल्यापासून पहिल्यांदा तिने सरळ आईच्या डोळ्यांत पाहिलं. ते डोळे तिला आठवत होते त्याहून फिके झाले होते, बुबुळांभोवती पांढुरकी कड आली होती.

"बेकिर," तिने वाचलं. "घालू?"

फेहिमे यंत्राच्या सुईकडे बघत राहिली.

हा नियम तिला माहीत नसेल, असं झेलिहाला वाटलं. "तू हो म्हणायचं असतं. त्याशिवाय मी सुरू करू शकत नाही."

"कळलं मला."

तरीही ती बोलली नाही. यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. घड्याळात एक वाजून चार मिनिटं झाली होती. बाहेरच्या रस्त्याने कुणीतरी ढोल घेऊन विणकरआळीकडे गेलं, हमामाच्या मिरवणुकीसाठी. चामडं ताणून बघायला दोन थापा मारल्या, मग तोही आवाज लांब गेला. झेलिहाच्या तळहातांना घाम आला होता. तिने ते झग्याला पुसले. पुन्हा विचारायचं नाही, असं तिने ठरवलं. एकदा विचारणं हे काम होतं. दुसऱ्यांदा विचारलं तर ते मागणं झालं असतं, आणि या आळीकडे तिने नऊ वर्षांत काही मागितलं नव्हतं.

फेहिमेने उसवलेला टॉवेल मांडीवर घेतला. वर आलेल्या तीन टाक्यांवरून अंगठा फिरवला. दाबले की ते बसायचे, अंगठा काढला की पुन्हा उभे राहायचे. तिने दोनदा करून पाहिलं. मग टॉवेलाची घडी घातली, नाव वर ठेवून, आणि बासनात बाकीच्या आठांवर ठेवला.

"हा नेताय?" उम्रानने विचारलं. "तो लपणार नाही हं. उन्हात लांबून दिसेल."

फोन पुन्हा वाजला.

फेहिमेने तो पूर्ण एक घंटी वाजू दिला. मग उचलला. या वेळी लांब न धरता कानाशी घट्ट लावला, तरीही सगळ्यांना ऐकू आलं.

"निघालीस का?" बेकिर उस्ता ओरडला. "बाया जमल्यात अंगणात. दोरी रिकामी बघतायत. झालं का माझं नाव?"

"अहो, ऐका," फेहिमे म्हणाली.  "तुमचा टॉवेल उसवलेला आहे तसाच टांगते. तीन टाके सुटलेत. कुणाला दिसले तर दिसू देत. कोऱ्यावर मी झेलिहाचं नाव घालून घेतेय. रुकियेनंतर आणि याकूपच्या आधी लागेल तो. आणि तो ती स्वतः घेऊन येईल, तिच्या पोरीला घेऊन. मी त्यांच्याबरोबर येईन. त्या दोघींना उंबऱ्यात अडवणार असाल, तर मीही आत येणार नाही."